वाकळीची पाठ

बायको गेली तेव्हा तिची एक वाकळ अर्धी राहिली. वरचं अंग तयार होतं, पाठ राहिली होती.

वाकळीला वर ठिगळांचं अंग असतं, मध्ये जुन्या कापडांचे थर आणि खाली सलग एक कापड. खालच्या कापडाला आमच्याकडं पाठ म्हणतात. खरं म्हणजे काम पाठीपासूनच सुरू होतं. पाठ जमिनीवर ताणून अंथरायची, तिच्यावर थर लावायचे, वर ठिगळं मांडायची आणि कडेनं आत दोरे घालत यायचं. तिनं उलटं केलं, कारण शेवटचं वर्षभर तिला खाली बसताच येत नव्हतं. खाटेवर बसून मांडीवर होईल तेवढं ती करायची. ठिगळाला ठिगळ जोडत गेली आणि अंग पुरं केलं. थरांची लुगडी घडी करून उशाला ठेवली. मग मला म्हणाली, "आवं, पाठीचं कापड तेवढं आणा."

आणि मग कापड कसं हवं ते सांगितलं. सुती पाहिजे. पन्ना मोठा पाहिजे, म्हणजे मध्ये जोड लागत नाही; जोड झोपणाऱ्याच्या बरगडीला टोचतो. रंग गर्द पाहिजे, मळ दिसू नये. "आन् बारदाना आणू नका म्हंजे झालं," असंही म्हणाली. मी नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं तागाच्या पोत्यांची तोंडं शिवली. दाभण, सुतळी आणि धान्याची धूळ, एवढीच माझी कमाई. त्यावरून ती मला जन्मभर चिडवायची.

मी आठवडी बाजारातून एक कापड आणलं. जांभळं, चकचकीत, पन्ना मोठा, भाव कमी. मला वाटलं, काम फत्ते. तिनं ते दोन बोटांत धरून चोळलं आणि माझ्याकडं फेकलं.

"हे सुती न्हाई. अंगाला चिकटतंय. लेकीला पुरळ यील ह्याच्यावर."

मी म्हणालो, "मग तूच जा आन् तूच आण."

जिला मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागायची, तिला मी असं म्हणालो. त्यानंतर कापडाचा विषय मी काढला नाही आणि तिनंही काढला नाही. महिन्याच्या आत ती गेली. भर उन्हाळा होता.

वाकळ धाकट्या लेकीची होती. धाकटी लातूरला दिली आहे. थोरल्या लेकीला आईच्या हातची वाकळ मिळाली, पोराला मिळाली, धाकटीची पाळी आली आणि आई आजारी पडली. चौदाव्याला पाहुणे जेवून उठले तेव्हा धाकटी मागच्या खोलीत ट्रंकेसमोर बसली होती. ठिगळांचं अंग तिच्या मांडीवर होतं. मी दारात आहे हे तिला माहीत नव्हतं. भिंतीला सांगावं तसं ती म्हणाली, "ताईला दिली, दादाला दिली. माझीच राहिली गं आई."

मी तिथून मागं फिरलो. ओसरीवर येऊन बसलो आणि ठरवलं, थंडी पडायच्या आत ही वाकळ लातूरला गेली पाहिजे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. घरातलं एखादं जुनं सुती लुगडं पाठीला लावायचं, झालं. मी बायकोची ट्रंक पालथी केली. जी सुती लुगडी होती ती सगळी तिनं ठिगळांत आणि थरांत घातली होती. गेल्या पंधरा वर्षांतल्या तिच्या साड्या सगळ्या नायलॉनच्या. धुतल्या की पटकन वाळतात, इस्त्री लागत नाही, म्हणून तीच घ्यायची. सुनेच्या कपाटात साड्या ढीगभर, सुती एकही नाही. म्हणजे ज्या बाईनं सुतीचा हट्ट धरला, तिच्याच घरात सुती उरलं नव्हतं.

पोरगा म्हणाला, "आबा, मशीनवाला हाय की. चादर लावून, आत फायबर भरून एका दिवसात शिवून देतो."

"फायबर भरायला ती काय उशी हाय?"

सून म्हणाली, "मामा, डबल बेडची चादर घ्या. पन्ना मोठा असतो, जोड लागत न्हाई."

हे मला पटलं. ठिगळांचं अंग सुतळीनं मापलं, लांबीला एक गाठ, रुंदीला एक गाठ, सुतळी खिशात घातली आणि बाजारात गेलो.

पहिल्या दुकानातल्या पोरानं दहा चादरी उलगडल्या. "प्युअर कॉटन हाय काका. वर लिहिलंय बघा."

मला इंग्रजी वाचता येत नाही, पण सुतळी ओळखता येते. मोंढ्यात तागाच्या सुतळीत नायलॉन मिसळून यायचं. ते ओळखायला आम्ही टोक जाळून बघायचो. ताग असो, सूत असो, जळलं की राख होते, चिमटीत धरली की उडून जाते. नायलॉनची गोळी होते आणि बोटाला चिकटते. मी चादरीच्या कडेचा एक धागा ओढला आणि काडी पेटवली.

"ओ बाबा! दुकान पेटवता का काय?"

धाग्याची काळी गोळी झाली. मी ती त्याच्या तळहातावर ठेवली. "हे बघ तुझं प्युअर."

"काका, आता सगळीकडं असंच येतंय. तुम्हाला घ्यायची न्हाई असं सांगा ना सरळ."

"सुती दाव, आत्ता घेतो."

त्यानं दावली. ती खरीच सुती होती, पण अशी विरळ की पलीकडं त्याचं तोंड दिसत होतं, आणि भाव ऐकून मी खाली ठेवली. दुसऱ्या दुकानातही असंच झालं. तिसऱ्या दुकानाची पायरी चढलो तर गल्ल्यावरचा मालक आधीच म्हणाला, "काडेपेटी खिशातच राहू द्या बाबा. कोपऱ्यावरून फोन आलाय तुमचा."

खादीच्या दुकानात गेलो. कापड एक नंबर. बोटांना कळतं, विचारावं लागत नाही. पण पन्ना छत्तीस इंच.

"मधी जोड घ्या ना आजोबा," तिथली पोरगी म्हणाली.

"जोड न्हाई घ्यायचा."

"का?"

"टोचतो."

ती हसली. माझ्या खिशातल्या पैशांत दोन पन्न्यांचं कापड बसतही नव्हतं, ते मी तिला सांगितलं नाही.

परत येताना एका दुकानात मोठ्या पन्न्याचा पांढरा तागा उभा दिसला. जाडजूड, कडक कापड. बाहेर बांबू उभे होते, मडकी होती. मी ते पाहिलं आणि पाहिलंही नाही. माझं सगळं ध्यान पन्न्यावर. आत गेलो, सुतळी काढली, पन्ना मापला. बरोबर. धागा जाळला. राख झाली. भाव विचारला, तर चादरीच्या निम्म्यानंही नाही. मी म्हणालो, "पाच हात द्या."

दुकानदारानं हळू आवाजात विचारलं, "किती वेळ झाला जाऊन?"

"कोणाला?"

"माणूस का बाई? सवाष्ण असली तर पांढरं न्हाई चालत. हिरवं द्यावं लागतं."

मग माझ्या ध्यानात आलं मी कुठं उभा आहे. त्याच्या मागं दोरीवर हिरवी लुगडी टांगली होती. आमच्या घरी त्या दिवशी असलंच एक आणलं होतं. कोणी आणलं, कधी आणलं, मला आठवत नाही. मी पुढं होऊन एका लुगड्याचा काठ दोन बोटांत धरला आणि चोळला. ओळखायला काडी लागली नाही. नायलॉन होतं.

एवढी दुकानं पालथी घातली, धागे जाळत फिरलो, आणि तिच्या अंगावर शेवटचं जे घातलं त्याला मी हातसुद्धा लावून बघितला नव्हता. दुकानदार माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हणालो, "कोणी गेलं न्हाई. मला वाकळीला पाहिजे. पांढरंच द्या."

तो मागं सरला. "बाबा, हे कापड कोणी घरात नेत न्हाई हो."

"मी नेतो. कापडाला काय ठाऊक, ते कशाला चाललंय."

त्यानं दिलं, पण भाव केला नाही आणि पिशवीही दिली नाही. ह्या दुकानात घासाघीस करत नसतात हे मला माहीत होतं. कागदात गुंडाळून काखेत मारलं आणि घरी आलो.

सुनेनं कुठून आणलं विचारलं. मी सांगितलं. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"मामा, तुम्हाला कळतंय का काय आणलंत ते? लेकीच्या अंगाखाली घालणार हे? आधी उंबऱ्याच्या भाईर न्या!"

मी ते अंगणातच बादलीत बुडवलं. मला तिचं पटत नव्हतं. दोन तासांनी काढून पिळलं, तर बादलीत नुसती खळ. कांजीसारखं पांढरं पाणी. आणि कापड हातात घेतलं तर पिठाच्या चाळणीसारखं. जाडी होती ती सगळी खळीची, सूत नावालाच. एका दिवसाच्या कामाला विणलेलं कापड ते, त्याला धुणं कोण घालतंय. सुनेला मी म्हणालो, "तुझंच खरं. मेलेल्याला चालतं, जित्याला न्हाई." ते तिनं उचलून नेलं. त्या कापडाचं तिनं काय केलं मी विचारलं नाही.

पण एक शिकलो. कोऱ्या कापडावर हात फिरवून काही कळत नाही. आधी धुवायचं, मग बोलायचं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा गादीवाला बसतो. पिंजारी आहे, माझ्याच वयाचा. त्याच्या बापानं आमच्या लग्नातली गादी भरली होती. आता त्याची पोरं फोम विकतात आणि हा नुसता खुर्ची टाकून बसतो. त्यानं मला हाक मारली.

"ए बुढ्ढे! कायकू फिरून राहिला रे गावभर? लोक बोलून राहिले, म्हातारा दुकानं जाळतोय."

मी सगळं सांगितलं. सुती, मोठा पन्ना, जोड नको, गर्द रंग, खिशाला परवडणारं. तो दाढी खाजवत ऐकत होता.

"धोतर आण," तो म्हणाला.

"कसलं धोतर?"

"नेसायचं धोतर रे! पन्ना बावन्न इंच. एक पान नऊ हात. मधून दुमडलं की दुहेरी पाठ, जोडबीड नक्को. सूत असं बारीक आन् दाट की पाणी थांबतं वर. रंग काय, तू घरी दे."

माझा बाप जन्मभर धोतर नेसला. माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

"नांदेडात मिळतं का?"

"हितं मिळतं ते नवरदेवाचं, रेडीमेड, चेन लावलेलं." तो हसला. "लातूरला जा. गोलाईच्या बाजारात लिंगायतांची जुनी दुकानं हायेत. आन् काडेपेटी घेऊन जा, हौ का? उधर तुझा फोन गेला नसंल अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं लातूरला गेलो. लेकीला कळवलं नाही.

गोलाईत चार दुकानं फिरलो. पाचवं एका म्हाताऱ्याचं होतं. कपाळाला विभूती, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंग. गिऱ्हाईक नव्हतं. मी गादीवर टेकलो आणि म्हणालो, "अप्पा, धोतर दावा."

"कोणाला? नातवाचं लगीन का?"

"वाकळीला."

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "धोतराची वाकळ? आमच्या अण्णांनी, वडलांनी, ऐकलं असतं तर तुम्हाला पायरीवरनं परत पाठवलं असतं."

त्यानं तरी दोन धोतरं काढली. मी काडेपेटीला हात घातला तसा म्हणाला, "जाळू नका. मीच सांगतो, मिक्स हाय. आता मिक्सच येतं."

चाळीस वर्षांत मोंढ्यातला एकही व्यापारी आपणहून असं बोललेला मला आठवत नाही. मी म्हणालो, "मग मिक्स नसलेलं सांगा."

"माळ्यावर एक गठडी हाय जुनी. नेसणारी माणसं गेली, धोतरं राहिली. पण डाग पडलेत घडीवर."

"डागाचं मी बघतो."

तो स्वतःच शिडीवर चढला. मी खालून शिडी धरली. वरून धूळ आणि डांबराच्या गोळ्यांचा वास खाली आला. त्यानं आणलेली जोडी घडीच्या रेघांवर पिवळी पडली होती, पण कापड असं की हातात घेतलं ते खाली ठेववेना. जड, थंड, गुळगुळीत. कडेला बोटभर तांबडा काठ. एक धागा जाळला. राख झाली आणि फुंकरीनं उडाली. कापड मी चोळून बघितलं, ओलं बोट लावून बघितलं, उजेडात धरलं. खळ नव्हती.

"एकच पान द्या. मला एकच लागतंय."

"धोतराची जोडी असती. जोडी फोडत नसतो आम्ही. बाकीचं एक मी कोणाला विकू?"

"जोडी देवानं फोडली की अप्पा. तुम्ही एक फोडली तर काय बिघडतंय."

त्यानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"कधी?"

"उन्हाळ्यात."

"वाकळ त्यांची का?"

"तिनं अंग केलंय. पाठ मी लावून राहिलो. लेकीला द्यायची हाय, हितंच असती लातुरात."

त्यानं जोडी उलगडली. जोडीच्या मधोमध विणकरानं दोन रेघा सोडलेल्या असतात, त्या शोधल्या, कात्रीनं एक नख मारलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा घट्ट." आम्ही दोघं दोन बाजूंना ओढत गेलो. कापड सरळ रेघेत फाटत गेलं, टर्रर्र, शेवटपर्यंत. सुती कापड असंच सरळ फाटतं. भाव त्यानं गठडीवरच्या जुन्या चिठ्ठीचाच लावला, कितीतरी वर्षांपूर्वीचा. मी म्हणालो, कमी लावला. तो म्हणाला, "चिठ्ठी अण्णांच्या अक्षरात हाय. मी खोडत न्हाई."

लेकीचं घर तिथून दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. हातात पिशवी होती, तिनं उघडून बघितली असती. सरळ स्टँडवर येऊन नांदेडची गाडी धरली.

घरी आल्यावर आधी कापड भिजत घातलं. दोनदा धुतलं, दोनदा वाळवलं. लांबीला चार बोटं आकसलं. आकसायचं ते आत्ताच आकसू दे. शिवल्यावर आकसलं असतं तर वरचं सगळं अंग चुण्या पडून गोळा झालं असतं.

मग रंग. पंसाऱ्याकडून पानातल्या काथासारख्या, काथ्या रंगाच्या पुड्या आणल्या. सुनेनं पातेलं द्यायला साफ नकार दिला. "मामा, त्यात उद्या भात कोण खाईल?" तेलाचा पत्र्याचा डबा कापून घेतला, अंगणात तीन विटांवर ठेवला, पाण्याला उकळी आणली, मूठभर मीठ टाकलं आणि काठीनं धोतर खालीवर करत बसलो. डबा लहान, कापड मोठं. त्यामुळं रंग सगळीकडं सारखा बसला नाही. एका बाजूला गर्द, एका बाजूला फिका, मध्ये ढग आल्यासारखं. पण मळखाऊ होता. तांबडा काठ तेवढा तसाच राहिला.

पाठ दुहेरी करून ओसरीवर अंथरली. चारी कोपऱ्यांना पाटे-वरवंटे ठेवून ताणली. तिची लुगडी थरानं लावली, वर तिचं अंग ठेवलं आणि कडेनं दोरा घालायला बसलो. दाभणाऐवजी सुई, एवढाच फरक, असं मला वाटत होतं. दोन दिवसांत दोन फेरे घातले.

समोरची म्हातारी, बायकोची मैत्रीण, दाराशी येऊन उभी राहिली.

"भाऊजी, वाकळ शिवून राहिले का पोतं?"

"पोतं. तुला भरायला."

"भरा की. पण टाके बघा आपले. एवढ्या टाक्यातनं तर मीच भाईर पडंन."

मग ती खाली बसली, माझ्या दोऱ्यात करंगळी अडकवली आणि ओढली. टाका वर आला. "हे बघा. पोतं तोंडाशी शिवतात, त्यात कोणी झोपत न्हाई. वाकळीत माणूस पाय हलवतो. मोठ्या टाक्यात पायाचं बोट गुतलं की दोरा तुटला. एक दोरा तुटला की सगळा फेरा सुटला. तिनं कसं घातलंय बघा, ज्वारीच्या दाण्याएवढं."

मी बायकोचे टाके तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले. माझ्या एका टाक्यात तिचे चार बसत होते. कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, पण बोट अडकताना मी बघितलं होतं. दोन्ही फेरे उसवले. दोन दिवसांचं काम अर्ध्या तासात निघालं. परत पहिल्यापासून बसलो.

मग महिना गेला. सकाळी ऊन ओसरीवर यायचं तेव्हा बसायचो, ऊन सरकलं की मी सरकायचो. माझी बोटं चाळीस वर्षांत जाड झालेली, त्यांत सुई धरल्याचं कळायचं नाही. पुन्हा पुन्हा निसटायची. सुई ओवायला सुनेला हाक मारायचो. सात-आठ वेळा हाक मारली की ती चिडायची. मग तिनं दहा सुया एकदम ओवून एका उशीला टोचून ठेवायला सुरुवात केली. एका दुपारी बघतो तर ती पलीकडच्या कोपऱ्याला बसून ताण धरून होती. म्हणाली, "तिकडं घडी पडून राहिली तुमची, दिसत न्हाई का?" माझे टाके ज्वारीएवढे कधी झाले नाहीत. हरभऱ्याएवढे झाले. म्हातारीनं करंगळी घालून बघितली, शिरली नाही. "पास," म्हणाली.

दिवाळीनंतर चार दिवसांनी वाकळ पोत्यात घातली आणि लातूरची एसटी धरली. थंडी नुकती सुरू होत होती.

लेकीनं पोतं उघडलं. वरचं अंग बघून तिचं तोंड बदललं, पण ती रडली नाही. वाकळ उलटी केली आणि पाठीवर हात फिरवला.

"आबा, हे कसलं कापड?"

"धोतर."

"कोणाचं?"

"कोणाचं न्हाई. कोरं आणलंय. तुझ्याच गावातनं."

"माझ्या गावातनं? कधी आला होता तुम्ही?" ती माझ्याकडं बघू लागली. "लातूरला येऊन घरी न्हाई आले?"

"आलो असतो तर तू विचारलं असतंस."

"मंग विचारलं असतं! त्यात काय? मी आले असते संगं, दुकानं दावली असती. एकटेच फिरत राहिले."

"आईनं मला आणायला सांगितलं होतं, तुला न्हाई."

मग मी जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. जांभळं कापड, तिच्या आईचं फेकणं, माझं बोलणं. जसं झालं तसं, शब्दाला शब्द. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या आबा, तसं काही नाही. ती तसं म्हणाली नाही.

"लई वाईट बोलले तुम्ही," ती म्हणाली.

"हाव."

"तिनं मला फोनवर सांगितलं होतं. म्हणाली, तुझा बाप रुसलाय कापडावरनं, जरा थांब, जाईल परत. त्याला चैन पडणार न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. मी पाणी मागितलं.

संक्रांत गेली आणि लेकीचा फोन आला, वाकळ धुवायला काढली आहे. मी म्हणालो, थांब, मी येतो. वाकळीचं खरं-खोटं पहिल्या धुण्यात कळतं. अंथरून चार जणांना दाखवायला कोणतीही चालते.

तिच्या गच्चीवर टबात वाकळ भिजत होती. पाणी काथ्या रंगाचं झालं होतं. "रंग सुटला आबा," ती म्हणाली.

"सुटू दे. अंगावर किती चढलाय ते बघ."

तिच्या आईची फिकी ठिगळं जराशी तांबूस झाली होती, सगळी नाही. वाकळ तीन पाण्यांतून काढली. भिजलेली वाकळ एकट्या माणसाला पिळता येत नाही, म्हशीएवढी जड होते. दोघांनी दोन टोकं धरायची, एकानं एका बाजूला पीळ द्यायचा, दुसऱ्यानं त्याच्या उलट. आमच्या घरी हे काम दोघी मायलेकींचं होतं. मी त्या दिवसापर्यंत टोक धरलं नव्हतं. मी पीळ द्यायला लागलो तर तिच्याच बाजूला फिरवत होतो, पीळ बसेना.

"आबा, उलटं. उलटं फिरवा. आई अशी फिरवायची."

मी उलटं फिरवलं. पीळ बसला. पाणी धारेनं पडलं आणि गच्चीच्या पन्हाळीकडं वाहत गेलं. खांदा दुखला पण सोडलं नाही. दोनदा पिळली, कठड्यावर टाकली आणि मी कडेनं चालत पूर्ण वाकळ तपासली. एकही चुणी नाही. टाका सुटलेला नाही. पाठ कुठं ओढून धरत नव्हती, अंग कुठं फुगत नव्हतं. दोन्ही बरोबर बसली होती. वाळल्यावर अजून एकदा बघायचं होतं, म्हणून मी म्हणालो, आज मुक्काम करतो.

लेक हात पुसत म्हणाली, "करा की. आंघोळ करून घ्या, हात बघा कसे झालेत."

तिचेही झाले होते. कोपरापर्यंत काथ्या.